साडभाऊंचे चाळीस दिवस

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही: शाळेत मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ देणारा मी, मधल्या सुट्टीत नकाशांच्या कपाटामागे उभा राहून खर्रा खातो. आमच्या साडभाऊंनाही, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना, हे ठाऊक नव्हतं.

साडभाऊंइतका अस्वस्थ माणूस चंद्रपूर ते धानोरा दुसरा सापडायचा नाही. लग्नाच्या पंगतीतही ते अर्धे उठलेलेच असत. हातात प्लॅस्टिकची पन्नी, पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, खर्रा घोटणं अखंड. तोंड भरलेलं, म्हणून हनुवटी वर करून आभाळाशी बोलत. परका माणूस वर पाखरू शोधू लागे. मेहुणी रागावली की म्हणत, "मी खातो कुठी? तोंडात ठेवतो फक्त." शेवटी ती माहेरी धानोऱ्याला गेली. लघवीची तपासणी साफ निघाली तरच येईन, म्हणाली.

मग त्यांनी खरंच सोडला. हात रिकामे राहवेनात म्हणून शेजाऱ्यांच्या तुरीच्या शेंगा सोलल्या, देवळाची घंटा घासली, माझ्या सायकलची चेन दोनदा उतरवून दोनदा चढवली. असे चाळीस दिवस. पण तपासणीच्या सकाळी दवाखान्यामागे त्यांनी माझ्या हातात रिकामी शिशी कोंबली. "भाऊ, तीस वर्षांचा खर्रा चाळीस दिवसांत उतरते का? तुमी देवमाणूस. तुमची द्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. "असं बरं नाही," एवढंच पुटपुटलो आणि शिशी भरून दिली.

मेहुणी मुद्दाम आली होती. नर्सबाईंनी पट्टीवर थेंब टाकले. साफ असती तर दोन रेघा आल्या असत्या, एकच आली. "तंबाखू आहे," बाई म्हणाल्या. मेहुणीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. त्यांना इतकं स्थिर उभं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"काल खाल्ला थोडा," ते तिला म्हणाले. "चुकलं."

बाहेर आल्यावर मी तोंड उघडणार, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या. तुमाले पोरं मानतात भाऊ. मले कोण मानते?"

मेहुणी वर्षाने परतली, पण त्यांच्या कुठल्याच शब्दावर आता तिचा विश्वास नाही. ते पुन्हा घोटू लागले. तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं. भात मऊ करून लागतो. भेटले की पुडी पुढे करतात, आणि मी चिमूट घेईपर्यंत कोणी पाहत नाही ना, हे माझ्यासाठी तेच बघतात.

ते चाळीस दिवस खरे होते आणि शिशी माझी होती, हे मेहुणीला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.