बघून सांगणारी सिंधू

शेवटची भेटली तेव्हा सिंधू अमरावतीच्या दवाखान्यात खाटेवर बसून माझ्यावरच ओरडत होती. "संत्र्याच्या बिया तं काढ! नर्स हायस का कोन?" मी मनात म्हटलं, बरी होणार ही. एवढं भांडणारं माणूस कुठं जातं?...

पन्नासच्या दशकात अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी नोकरीला होतो. मी पुरुषांच्या वॉर्डात नर्स, ती केसपेपरच्या खिडकीवर. शेजारी चौकशीच्या खिडकीत एक बाबू बसत. एकदा अंजनगावकडची बाई त्यांच्यापुढे आली. "आमच्या सुमीचे बाप हायेत का इथं?" नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आपली रीत. आणि बाबूंची वही सगळी नावावर लावलेली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "असा कोनी नाही. चला पुढं." झालं! इथं नाही म्हणजे नवरा गेलाच, असं धरून बाईनं बाहेर निंबाखाली हंबरडा फोडला. आणि तो नवरा माझ्या वॉर्डात! पाय सडत चाललेला, अन् बायको आल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणेना.

सिंधू खिडकी सोडून धावली. "नाव नका घेऊ वो माय. गाव सांगा. काय झालं त्याहिले?"

"बैलबंडीच्या चाकाखाली पाय आला..."

एवढं पुरलं. हाताला धरून तिनं बाईला माझ्याकडे आणलं. माणूस वाचला.

मग बाबूंची खरडपट्टी. ते म्हणाले, "ते बाई नावच सांगेना, तं मी काय करू?"

"मंग तसं सांगा! नावाशिवाय मले शोधता येत नाही, म्हना. नाही कायले म्हनता? पाह्यलं का तुमी?"

"नाही म्हटलं की रांग सरकते."

"रांग सरकते अन् मानूस मरते!"

बाबू बरेच दिवस फुगून होते. पण नंतर तेही गाव विचारू लागले बरं का! घरीही सिंधूचं हेच. पोरीनं "आई, ते आहे का?" विचारलं, की म्हणायची, "'ते' कुठं ठेवतात मले माहीत नाही. काय पाह्यजे ते सांग." फार हसायचो आम्ही. फार लाडकी होती माझी ती.

संत्र्यावरून भांडण झालं, त्यानंतर मी डबा घेऊन गेले, तर खाट रिकामी. दुसऱ्या वॉर्डात हलवली असेल म्हणून खिडकीवर गेले. तिथल्या गृहस्थांनी नाव विचारलं, गाव विचारलं, वहीवर सावकाश बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"पहाटेच गेल्या, बाई."

नीट बघून सांगितलं त्यांनी. सिंधू खूश झाली असती. पण मला वाटलं, मेल्या, न बघताच नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? मी अजून थोडा वेळ वॉर्डावॉर्डांतून तिला शोधत फिरले असते...