तुरीचं पाणी प्यालेली चिप

तीन माणसं पाच वर्षं एका खोलीत नखाएवढ्या वस्तूवर वाकून बसली, की ती वस्तू बनो न बनो, किस्से मात्र ढीगभर तयार होतात. आमची तर वस्तूही बनली, म्हणून सांगायला जास्तच मजा येते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपुरातल्या एका कॉलेजात आमची लॅब होती. देशकर सर प्रमुख, वासनिक टेक्निशियन आणि मी केमिस्ट्रीची. चिप बाहेरून यायची. रक्ताच्या थेंबातला युरिया ओळखायला तिला शिकवायचं, म्हणजे किडनी नीट चालते की नाही ते झटकन कळेल, हे आमचं काम.

*

चिपवर युरिया फोडणारं एक एन्झाइम लावावं लागे. ते परदेशातून मागवलं, ते नेमकं मे महिन्यात पोचलं आणि वाटेतल्या उन्हानेच निकामी झालं. तेच एन्झाइम तुरीत असतं, असं मी वाचलं होतं. वासनिक नागपूरजवळच्या कुहीचा. सोमवारी घरून येताना त्याने पिशवीभर तूर आणली. निघताना आईने विचारलं होतं म्हणे, "मशीनले वरण काहून लागते गा?"

आम्ही तूर भिजवली, वाटली, गाळली. पहिल्याच फेरीत मीटरचा काटा हलला. दुपारी सरांच्या डब्यात वरणच होतं. सर त्याला नमस्कार करून जेवले.

*

मग चिपच्या तारांत पाणी शिरायला लागलं. कुठलाच गोंद टिकेना. वासनिक सरळ धंतोलीतल्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि दात भरायचं सिमेंट मागू लागला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितलं. त्याने खिशातून चिप काढून पुढे धरली. डॉक्टरांनीही ती भिंगाखाली धरून इतकी नीट भरून दिली, की पुन्हा पाण्याचा थेंब आत गेला नाही.

*

रोज दुपारी तीनला आकडे बिघडायचे. सर माझ्या द्रावणाला दोष देत, मी सरांच्या सर्किटला. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. एके दिवशी आकडे एकदम स्थिर झाले. झाडू मारणाऱ्या यमुनाबाईंना विचारलं, काय केलंत?

"काही नाही वं. ऊन येऊन राहिलं होतं, खिडकी लावली."

चिपला उजेड सोसत नव्हता! त्या दिवसापासून ती कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत राहायला गेली.

*

शेवटची परीक्षा धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे होती. मोठ्या कडक बाई. त्यांनी पेशंटच्या रक्ताच्या वीस नळ्या दिल्या. एकोणीस आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळले. विसाव्या नळीला त्यांच्या रजिस्टरात अठ्ठावीस होतं, आमच्याकडे ब्याऐंशी. मॅडमनी फाइल मिटली. सर उठायला लागले. वासनिक उठला नाही.

"मॅडम, एक डाव तुमच्या मशीनवर पुन्हा करून पाहा ना."

मॅडमनी स्वतः टेस्ट केली. ब्याऐंशीच आलं. उतरवताना कोणीतरी आकडे उलटे लिहिले होते. त्या नळीची पेशंट सगळं नॉर्मल समजून गावी निघाली होती. मॅडम तशाच गाडी घेऊन बसस्टँडवर गेल्या आणि तिला बसमधून उतरवून घेऊन आल्या. मूत्रमार्गात खडा अडकला होता. ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत होऊन घरी गेली.

पुढच्या सोमवारी धंतोलीहून आमच्याकडे नळ्यांचा ट्रे आला. सोबत मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी होती : "आमचे आकडे बरोबर आहेत का, तेवढं तपासून द्यावं."