पाळणाघराचं दार

जे. पी. नगरमधल्या एका ऑफिस इमारतीचं नेटवर्क किती सुरक्षित आहे, ते मी तपासत होते. तिथले एसी, लिफ्ट, दारं, सगळं तळघरातल्या एका कॉम्प्युटरवरून चालायचं. तो सांभाळणारा ऑपरेटर बेळगावचा होता. आम्ही बोलत असतानाच पडद्यावरचा बाण आपोआप सरकायला लागला.

"अक्का, हे तुम्ही करालाय काय?" त्याने विचारलं.

माझे हात मांडीवर होते आणि माउसला कोणीच हात लावलेला नव्हता. बाण दारांच्या पानावर गेला, आणि चौथ्या मजल्याच्या दारावर कुलपाची खूण उमटली. तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होतं.

"इंटरनेटची वायर काढा!" मी ओरडले.

"साहेबांना विचारायला पाहिजे..."

शेवटी मीच ती उपटली. बाण थांबला, पण दार बंदच राहिलं. ऑपरेटर किल्ली घेऊन पुढे धावला. मी त्याच्यामागून जिने चढले. वर पोचलो तर आतून मुलांचं रडणं ऐकू येत होतं. दार उघडलं, तेव्हा सांभाळणाऱ्या बाई एका बाळाला कडेवर घेऊन दाराशीच उभ्या होत्या. सगळी मुलं सुखरूप होती.

नंतर तपासलं तेव्हा कळलं, की या यंत्रणेच्या दुरुस्तीवाल्यांनी इंटरनेटवरून दुरूनच काम करता यावं म्हणून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची एक वाट पासवर्डशिवाय उघडी ठेवली होती. ती आम्ही लगेच बंद केली. आत कोण आलं होतं, ते मात्र कधीच कळलं नाही, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते.