मॅनेजरला आधीच ठाऊक असलेला मुहूर्त

मित्रांनो, आज गुरुवार. सकाळी अकरा वाजता मी आणि आई पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात ताईच्या लग्नासाठी हॉल ठरवायला गेलो होतो.

त्याआधी आम्ही गुरुजींकडे होतो. दोन्ही पत्रिका पाहून ते म्हणाले, "या महिन्यात एकच मुहूर्त लागतो, तोही संध्याकाळचा, गोरज." ताईच्या होणाऱ्या सासरच्यांना दुपारचं लग्न हवं आहे, कारण वऱ्हाडाला त्याच दिवशी येवल्याला परतायचं आहे. पण मुहूर्तापुढे कोण बोलणार?

कार्यालयात मी आमचं आडनाव आणि तारीख सांगितली. मॅनेजरने मान वरही केली नाही.

"गोरज ना? संध्याकाळचा हॉल तुमच्यासाठी धरलाय. सकाळ-दुपार दुसरं लग्न आहे."

मी वेळ सांगितलीच नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो दादा, गुरुजी आपलेच आहेत. फोन आला होता."

मी आईला बाहेर नेलं. म्हटलं, "दुपारचा हॉल आधीच गेलाय, म्हणून आपल्याला संध्याकाळचा मुहूर्त मिळाला. दुसऱ्या गुरुजींना विचारू."

"त्यांनी दुपारचा सांगितला तर?"

"तर दुसरा हॉल बघून दुपारी लावू."

"आणि उद्या पोरीचं काही बिनसलं, की मी जन्मभर म्हणत बसू का, गोरजच धरायला हवा होता म्हणून?" आई म्हणाली. "जा, पैसे भर."

मी भरले. येवल्याला फोन करायचा मात्र अजून धीर होत नाही. ताईच्या सासूबाईंना मुहूर्त गुरुजींनी काढला असं सांगू, की मॅनेजरने? तुम्ही काय सांगितलं असतं?