चुन्याची रेघ

वास्तुशास्त्राच्या कॉलेजात पहिल्या आठ दिवसांत काय शिकलास, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे की, मी घर फोडायला शिकलो. तेही आमचंच. अकरा माणसांचं, एका चुलीवर जेवणारं घर होतं ते. एका रविवारी सकाळी मी ते जवळजवळ फोडलं आणि काम नीट झालं म्हणून वर खूशही होतो.

एकोणीसशे सत्तरनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. सोलापुरात हे कॉलेज नवीनच निघालेलं. नाव विद्यापीठाचं, पण वर्ग भरायचे एका गोदामाच्या माडीवर. आमच्या घरी वास्तुशास्त्र म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही फार माहीत होतं असं नाही. अप्पा म्हणजे माझे वडील आणि काका, त्यांचे धाकटे भाऊ, दोघं मिळून ज्वारी-तुरीची अडत चालवायचे. अप्पांचं म्हणणं, घर बांधायला गवंडी लागतो, पाच वर्षं कशाला लागतात. माझ्या बाजूनं उभे राहिले ते एकटे काका. "जाऊ दे की अण्णा," ते अप्पांना म्हणाले, "दुकानात बसायला आपण दोघं हाव की." मोठ्या भावापुढं मान वर करून बोलायची काकांची ती पहिलीच वेळ असावी. ड्रॉइंग बोर्डही त्यांनीच ओळखीच्या सुताराकडून करवून आणला. सुतारानं तो सागवानी आणि दाराच्या फळीएवढा जाड केला होता. तो सायकलला बांधून मी पहिल्या दिवशी कॉलेजात गेलो तेव्हा पुण्याहून आलेल्या सरांनी विचारलं, "दार घेऊन कुठं निघालात?"

त्याच सरांनी पहिल्याच आठवड्यात काम लावलं. प्रत्येकानं स्वतःचं राहतं घर मोजायचं, त्याचा नकाशा काढायचा आणि पुढच्या शनिवारी द्यायचा. आहे ते सगळं कागदावर आलं पाहिजे, नाही ते एक रेघभरही येता कामा नये. वर त्यांनी एक युक्तीही सांगितली. जुन्या घरांच्या भिंती कधी सरळ नसतात. म्हणून पुढच्या दारापासून परसापर्यंत घराच्या मधून एक सरळ रेघ मारा आणि तिच्यापासून डावीकडं-उजवीकडं अंतरं मोजत जा. मला हे फार पटलं. मोजायच्या आधी घरात कुणाला विचारावं, निदान सांगावं, एवढं मात्र डोक्यात आलं नाही. आता मी शिकलेला माणूस होतो आणि शिकलेला माणूस घरच्यांना काय विचारणार?

टेपचं दुसरं टोक धरायला वर्गातला एक मित्र आला. तो नातेपुत्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. शेतांच्या सरकारी मोजण्या त्यानं लहानपणापासून बघितलेल्या, त्यामुळं मोजणी कशी करायची यावर त्याची पक्की मतं होती. आकडा मोठ्यानं पुकारायचा, दोनदा पुकारायचा, आणि खाकी पँट घालायची. कॉलेजच्या वर्कशॉपसाठी शिवलेली नवीकोरी खाकी पँट घालून तो आमच्या दारात उभा राहिला. येताना त्यानं डब्यात कालवलेला चुना आणि गवंड्याची दोरीही आणली होती. अप्पा आणि काका पेढीवर गेले होते. आम्ही दोरी चुन्यात बुडवली, पुढच्या दारापासून परसातल्या भिंतीपर्यंत ताणली, जागोजागी उचलून सोडली. शहाबादी फरशीवर दुधासारखी पांढरी रेघ उठली. सोप्यातून, माजघरातून, स्वैपाकघरातून थेट परसात.

परसात आड होता. रेघ त्याच्या बरोबर मधून गेली.

आता आमच्या गल्लीचा रिवाज सांगायला हवा. आमच्या गल्लीत टेप फक्त एकाच कामासाठी निघायचा आणि ते म्हणजे भावाभावांची वाटणी. खाकी पँटवाला मोजणीदार यायचा, घराच्या मधून चुना पडायचा आणि पंधरा दिवसांत त्या चुन्यावर भिंत उभी राहायची. कोपऱ्यावरच्या घरात तर झोपाळ्याच्या दोन कड्या दोन वाटण्यांत गेल्या होत्या, आणि दोन्ही भाऊ आपापली कडी तेल घालून जपत होते. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो होतो. तरीही त्या सकाळी मला ते आठवलं नाही, याची आजही लाज वाटते.

"तीन पूर्णांक चाळीस," मित्र सोप्यातून ओरडला. "तीन पूर्णांक चाळीस."

समोरच्या घरातली बाई सूप हातात घेऊन दारात आली ती शेवटपर्यंत हलली नाही. आम्ही मीटरमध्ये मोजत होतो, त्यामुळं तिला आकडे कळेनात, आणि तिला वाटलं की हिशोब मुद्दाम लपवून चाललाय. आम्ही स्वैपाकघरात पोचलो तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. मी अदबीनं म्हणालो, "काकू, जरा उठता का? चूल मोजायची आहे."

काकूंचा हात परातीत थांबला. "चूल पण?" त्यांनी विचारलं.

"सगळंच मोजायचंय," मी म्हणालो. "आणि अव्वा, शनिवारपर्यंत ही रेघ कुणी पुसायची नाही."

अव्वा म्हणजे माझी आई. त्या दिवसापासून तिनं रेघेच्या अलीकडची फरशी वेगळी पुसली आणि पलीकडची वेगळी.

आमचं मोजून होण्याआधीच ही बातमी पेढीवर पोचली. दुपारी काका एकटेच घरी आले. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी रेघ बघितली. मग चप्पल काढून, रेघेवर पाय पडू न देता ते आत आले आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसले. एरवी ते पूर्वेला, खिडकीपाशी बसायचे. मागोमाग अप्पा आले. त्यांनी रेघ बघितली, पश्चिमेला बसलेले काका बघितले, आणि पूर्वेला जाऊन बसले.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. काकांना वाटलं, अण्णांनी पोराला सांगून मोजणी करवली. अप्पांना वाटलं, धाकट्यानं पोराला शिकायला घातला तो याचसाठी. दोघांपैकी एकानं जरी विचारलं असतं तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण आमच्याकडं वाटणी हा शब्द जो पहिला उच्चारतो, घर त्यानंच फोडलं असं कायमचं ठरतं. त्यामुळं दोघंही मूग गिळून बसले आणि एकमेकांशी इतके गोड वागायला लागले की बघवेना. दह्याचं भांडं ताटांमधून इकडून तिकडं फिरायचं आणि तसंच परत आत जायचं. अप्पा काकांना "घ्या" म्हणायला लागले, ज्यांना ते चाळीस वर्षं "घे" म्हणत आले होते.

मंगळवारी जेवताना अप्पा सहज बोलावं तसं म्हणाले, "पूर्वेची बाजू उन्हाळ्यात थंड राहती. लेकरं लहान असलेल्याला ती बरी."

"नको अण्णा," काका खाली बघत म्हणाले. "देव पूर्वेला हायत, चूल तिकडंच हाय. ते मोठ्यांकडंच असू द्या."

मला भरून आलं. पाच वर्षं कशाला लागतात म्हणणारे अप्पा दिशांवर बोलत होते. मी म्हणालो, "आमचे सरही हेच सांगतात, घराचा विचार दिशेपासून सुरू होतो." आणि उष्ट्या हातानं उठून मी नकाशा आणला आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण सगळ्यांना दाखवला. सगळे माना खाली घालून जेवत राहिले. त्यांना तो फार आवडला असावा, असं मी धरून चाललो.

बुधवारी काका माझ्या बोर्डापाशी येऊन बसले. बराच वेळ कागद बघून त्यांनी विचारलं, "आड कुठल्या बाजूला गेला?"

"बरोबर मधे, काका. रेघ आडाच्या मधूनच नेलीय."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. म्हणजे दोन्हीकडून सारखं अंतर येतं. कटकट राहत नाही."

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लई सरळ मोजलास," ते म्हणाले. पुतण्याचं कौतुक दाटून आलंय असं समजून मीही नम्रपणे मान खाली घातली. आता विचार केला की वाटतं, असा गाढव त्या कॉलेजनं पुन्हा बघितला नसेल.

गुरुवारी स्वैपाकघराच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात मला एक नवी चूल दिसली. ओली, काळ्या मातीची, भुसा आणि शेण घालून मळलेली. काकूंचं माहेर वळसंगचं आणि चूल घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या तिच्या कडेवरून पाण्याचं बोट फिरवत बसल्या होत्या.

"ही कधी झाली?" मी विचारलं.

"काल," काकू म्हणाल्या. "मोजून घे की हिला पण."

सरांचा हुकूमच होता, आहे ते सगळं आलं पाहिजे. मी टेप आणला, चूल मोजली आणि त्याच संध्याकाळी ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं उतरवली. आतापर्यंतच्या कामात ती सगळ्यात सुबक आली होती.

शुक्रवारी दुपारी मित्र नकाशा बघायला आला. त्याची नजर खोल्यांवरून फिरत स्वैपाकघरावर आली आणि तिथं थांबली. त्यानं एका चुलीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमची वाटणी झाली व्हय रं?"

"कुणाची वाटणी?"

"न्हाय, मजी, दोन चुली हायत की हितं. आन् मधनं चुना." तो माझ्याकडं बघायला लागला, मग स्वतःच्या खाकी पँटकडं. "आयला," तो म्हणाला, "आपुनच केली का काय ही?"

दह्याचं भांडं, "घ्या", देव पूर्वेला हायत, काकांचे डोळे, सगळं एकदम समोर आलं. मित्र तर पाणीही न पिता निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर मी उभा राहिलो. हातात आधाराला टी-स्क्वेअरची लांब पट्टी होती. "अप्पा, काका," मी म्हणालो, "ही वाटणी नाही."

तो शब्द पानावर पडला आणि सगळ्यांचे घास थांबले. मी घडाघडा सांगत सुटलो. सर, शनिवार, वाकड्या भिंती, मधली रेघ. मग काका अप्पांकडं न बघता म्हणाले, "म्हणजे अण्णा, तुम्ही सांगितलं नव्हतं ह्याला?"

"मी?" अप्पा म्हणाले. "मला वाटलं, तू."

"मी कशाला सांगतो?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं विचारलं?"

अप्पांना हसू फुटलं. एवढे मोठे अप्पा, ठसका लागेपर्यंत हसले. काका हसता हसता रडायला लागले आणि दह्याचं अख्खं भांडं त्यांनी स्वतःच्या ताटात पालथं केलं. अव्वानं ओलं फडकं आणलं आणि जेवणं संपायच्या आतच सोप्यातली रेघ पुसायला बसली. पाच दिवसांत अप्पा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. घर शाबूत होतं.

शनिवारी सकाळी कॉलेजला निघताना मी पाणी प्यायला आत गेलो. काकू कोपऱ्यात एकट्या होत्या. नव्या चुलीवर तांब्यातांब्यानं पाणी ओतत होत्या. ती वाळत आली होती, लवकर विरघळेना.

"काकू, माझ्यामुळं तुम्हाला उगाच त्रास झाला," मी म्हणालो.

"त्रास कसला रे," त्या म्हणाल्या. त्यांनी चुलीची एक कड हातानं मोडली. "ह्या घरात येऊन सतरा वर्षं झाली मला. कणीक मी मळते, भाकरी मी थापते. मीठ मात्र तुझी अव्वा घालते. मोठीनंच घालायचं असतं. तिचं काही चुकत नाही बघ." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्या चुलीवर दोन दिवस मी मनातल्या मनात स्वैपाक केला. आमटी केली, वांगं केलं. मीठ माझं मी घातलं."

आदल्या रात्री आम्ही सगळे हसत होतो तेव्हा काकू हसल्या होत्या का, ते मी आठवून बघत होतो. आठवेना. तिकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"तुझ्या कागदावर आहे का रे ती?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दाखव."

मी गुंडाळी उलगडून कागद फरशीवर ठेवला. त्यांनी हात पदराला पुसले, वाकून बघितलं. "बारीक काढलास," त्या म्हणाल्या, "पण बरोबर हाय." आणि पुन्हा पाणी ओतायला लागल्या.

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडता येते. कॉलेजच्या जिन्यात बसून मी ब्लेड बाहेरही काढलं, कारण नाही ते एक रेघभरही दाखवायचं नव्हतं. मग ते परत खिशात ठेवलं. सरांनी नकाशा चांगला आहे म्हणून सांगितलं आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या चुलीवर पेन्सिल टेकवली. "ही चूल कुणाची?"

"आमच्या काकूंची," मी म्हणालो.