बॅट टाकून पळालेला नवरा

आम्ही आखातात, वादी अदाईत राहत होतो तेव्हा दर शुक्रवारी सकाळी माझा नवरा क्रिकेट खेळायला जायचा. आठवडाभर कुरुमच्या ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढणारा हा माणूस टेनिस बॉल दिसला की विशीतला व्हायचा. वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि पोट त्याच्याही पुढे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाश्त्याला एकत्र बसणं होत नाही, ही माझी कायमची कुरकुर.

एका शुक्रवारी तो चेहरा पाडून घरी आला. टीमचा कप्तान रत्नागिरीकडचा, वयाने बराच लहान. तो म्हणाला होता, "दादा, पुढची मॅच खेळा. रन नाय झाले तर मग अंपायरिंग बघा. तुमच्यासारखा इमानदार अंपायर आपल्याला मिळायचा नाय." गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

नवऱ्याने यूट्यूब उघडलं. लांब फटके शोधता शोधता त्याला सापडलं जुनंपुराणं, कृष्णधवल बेसबॉल. ढगळ विजारीतले बाप्ये जाडजूड दांडकी घेऊन उभे. फिल्म जुनी, त्यामुळे सगळेच दुसरी पंगत गाठायची असल्यासारखे लगबगीने चालायचे.

"हे बघ," मी पोळ्या लाटत असताना तो मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचा, "याने दोन हातांत अंतर ठेवलंय. दांडकं ताब्यात राहतं. आणि हा दुसरा आख्खं अंग फिरवतो."

"अहो, तो पडला की!"

"पण बॉल गेला ना?"

"पप्पा, दॅट्स नॉट इव्हन क्रिकेट," आमची लेक आतून ओरडायची. पप्पा हॉलमध्ये वायपरचा दांडा हात लांब लांब धरून फिरवत असायचे. त्यात मनी प्लँटची कुंडी गेली. मी हसायचे, पण वाईटही वाटायचं. पांढरी टोपी घालून दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहायची त्याला धास्तीच बसली होती.

मॅचला आम्ही मायलेकी मुद्दाम गेलो. उघड्याबोडक्या डोंगराखालचं खडीचं मैदान. शेवटच्या बॉलला दोन रन हवे होते आणि समोर आमचे हे, बॅटवर हात लांब धरून. पोरं फिदीफिदी हसत होती. बॉल आला, यांनी आख्खं अंग फिरवलं आणि बॉल पार डोंगराकडे गेला. हसणं जागच्या जागी थांबलं.

आणि यांनी बॅट टाकली! बेसबॉलमध्ये फटका मारला की दांडकं तिथंच टाकून पळतात. आठवडाभर तेच बघितलेलं. पहिला रन झाला. दुसऱ्याला हे मोकळे हात हलवत धावत आले, तेवढ्यात बॉल येऊन स्टंप उडाले. रेषेला एक बॅटभर कमी पडले होते. हातात बॅट असती तर टेकवता आली असती. अंपायरचं बोट वर गेलं.

पुढच्या शुक्रवारी नवरा घरीच होता. समोर कांदेपोहे, चहा, मी. इतकी वर्षं मागितलं ते मिळालं होतं आणि मला ते मुळीच नको होतं. तो पोह्यांतले शेंगदाणे नुसते बाजूला सारत होता.

बेल वाजली. दारात कप्तान, हातात यांची टाकलेली बॅट.

"वैनी, दादांना पाठवा."

"अंपायरिंगला?" मी जरा तडकूनच विचारलं.

"नाय हो! तो फटका शिकवायला. आठवडाभर सगळी पोरं हात लांब धरून खेळतायत, एकालाही बॉल लागत नाय. दादा, आज तुम्ही ओपनिंगला. यल्ला, चला!"

नवरा बूट शोधायला धावला. मी कपाटातून परकराची नवी नाडी काढली, एक टोक बॅटच्या दांड्याला बांधलं आणि दुसरं त्याच्या मनगटाला, चांगली निरगाठ मारून.

"आता टाका बघू बॅट," मी म्हटलं.