पार्वताबाईच्या कानाची मशीन

देवमन माझा सख्खा लहान भाऊ, पण हट्टाले असा पक्का की विचारू नका. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं कानाच्या मशीनचं दुकान आहे. मशीन तो बसवते, गिऱ्हाइकाशी मी बोलते. विंडोजवर दोनदा व्हायरसनं सारं खाल्लं, म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. मशीनचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालते. मंग लिनक्सच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, त्यात विंडोज, अन् केबलनं जोडलेली मशीन त्या आतल्याच्या हवाली करायची. "सरळ विंडोज घाल ना रे बह्याडा," मी शंभरदा म्हटलं. ऐकते थोडाच.

मंगळवारी बाळापूरच्या पार्वताबाई आल्या. सोबत मुलगा मनोज. पस्तीस वर्षं भाजीबाजारात आपल्या मळ्यातल्या मालाचा हर्रास त्या स्वतः उभ्या राहून करतात. महिन्यापासून कानातली मशीन बिघडली, बोली ऐकू येईना, आकडा चुकला की लोकं हसून राहिले.

"उद्या बाजार आहे," त्या म्हणाल्या. "आज नाही झालं तर मले तिथं कोणी उभं करणार नाही."

मशीनमधला प्रोग्राम बिघडला होता, तो नव्यानं लिहावा लागणार होता. मॉडेल जुनं, कंपनीनं बंद केलेलं. मधेच अटकलं तर मशीन कायमची गेली. देवमननं हे कागदावर लिहून त्यायले दाखवलं.

"करा," त्या म्हणाल्या.

देवमननं प्रोग्राम लिहायले लावला, तो बारा टक्क्यांवर अटकला. स्क्रीनवर आलं, मशीन सापडत नाही. खाली पाच मिनिटांचं उलटं घड्याळ सुरू झालं; तेवढ्यात सापडली नाही तर संपलं. देवमनचा हात केबलकडे गेला, तो मी धरला. केबल उपसली तर मशीन तिथंच गेली असती.

त्यानं लिनक्सकडची, जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. "ताई, मशीन इथंच आहे. पण ओळखीचा नंबर दुसरा दिसून राहिला."

लिहिणं सुरू झालं की मशीन बंद होऊन पुन्हा जागी होते, अन् जागी होताना नवा नंबर सांगते. यानं आतल्या विंडोजले जुनाच नंबर देऊन ठेवलेला. नवा दारात उभा, घेणारं कोणी नाही. माझं डोकंच फिरलं. लग्नात माझं नाव बदललं, तेव्हा रेशनकार्डावर ते लावून घ्यायले मले सहा चकरा पडल्या होत्या. घरात एवढं पाहूनही हा शिकला नाही.

"दोन्ही नंबर काहून नाही लिहिले आधीच?"

तो कीबोर्डकडे वळला. नवा नंबर लिहू लागला. घाईत एक आकडा चुकला, खोडून पुन्हा लिहिला. चाळीस सेकंद उरले होते. आत विंडोजनं टुणकन आवाज केला अन् तेरा टक्के झाले. मी खुर्चीत बसून घेतलं.

शंभर झाल्यावर देवमननं मशीन बाईंच्या कानात घातली. मनोज दाराशी आमच्याकडे पाठ करून बायकोशी फोनवर बोलत होता.

"कुठचं होते. मशीन मधेच बंद पडली म्हणे. बरंच झालं, माय घरी बसन आता. बाजारात तिच्यापायी मले मान खाली घालावी लागते."

देवमन हळूच म्हणाला, "बाई, ऐकू येते का?"

पार्वताबाई मुलाच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

"येते," त्या म्हणाल्या. "सारं येते."

मनोज वळला. फोन कानालाच होता.

"सकाळी पाच वाजता गाडी काढजो," त्या त्याले म्हणाल्या. "उद्याचा हर्रास मीच करीन."